जड चेंडू आणि टेनिसपटूचा हात

टेनिसपटूंच्या सरावात दोन तऱ्हेचे जड चेंडू दिसतात. एक मेडिसिन बॉल: दोन्ही हातांत धरून फेकायचा, साधारण एक ते पाच किलो वजनाचा. दुसरा एका हातात मावणारा, अर्ध्या-एक किलोचा, आत वाळू भरलेला छोटा चेंडू. टेनिसच्या नियमांप्रमाणे सामन्यातला चेंडू ५६ ते ५९.४ ग्रॅमचा असतो. म्हणजे सरावातला छोटा चेंडूसुद्धा त्याच्या आठपट ते सतरापट जड. एवढासा चेंडू मारण्यासाठी एवढा जड चेंडू फेकायचा कशाला, आणि तो नेमका किती जड असावा, हे प्रश्न टेनिसच्या आधीपासूनचे आहेत. लॉन टेनिसच्या खेळाचे पेटंट मेजर वॉल्टर विंगफील्ड यांनी १८७४ मध्ये घेतले. वजन हातात घेऊन किंवा फेकून शरीर घडवण्याचा विचार त्याच्या दोन हजार वर्षे आधी ग्रीक वैद्यांनी आणि तालीम देणाऱ्यांनी पुष्कळ पुढे नेलेला होता.

हिपोक्रेटिसने कातड्याच्या पिशव्यांत वाळू भरून रुग्णांना फेकायला दिल्या, असे व्यायामाच्या पुस्तकांत सर्रास लिहिलेले असते. त्याच्या नावावर चालत आलेल्या ग्रंथांत मात्र उल्लेख आहे तो टांगलेल्या पिशवीशी झुंजण्याच्या व्यायामाचा. या पिशवीला ग्रीक लोक कोरिकोस म्हणत. तिची रीत पुढे अँटिलस या वैद्याने बारकाईने लिहून ठेवली आणि ओरिबेसियसच्या संग्रहामुळे ती टिकली. पिशवी छताला बांधून बेंबीच्या उंचीवर सोडायची. अशक्त माणसासाठी तिच्यात अंजिराच्या बिया किंवा पीठ भरायचे, धट्ट्याकट्ट्यासाठी वाळू. दोन्ही हातांनी ती आधी हळू ढकलायची, मग जोराने. परत येईल तशी हातांवर घ्यायची, आणि सराव झाला की छातीवर झेलायची. मेडिसिन बॉलच्या व्यायामाचे सगळे मर्म या वर्णनात आहे. वजन उचलून धरायचे नाही, ते हातावेगळे करायचे, आणि परत आले की त्याचा वेग अंगावर घेऊन जिरवायचा. माणसाच्या ताकदीप्रमाणे आतला भराव बदलायचा, ही समजही त्यात आहे. ग्रीकांकडे हाल्टेरेस नावाची हातात धरायची वजनेही होती. लांब उडी घेणारे ती दोन्ही हातांत घेऊन उडी मारत आणि वैद्य तीच वजने खांदे-दंडांच्या व्यायामाला देत.

चेंडूची बाजू सर्वांत समर्थपणे मांडली ती गेलनने. इसवी सन १२९ मध्ये पर्गमम येथे जन्मलेला हा वैद्य तरुणपणी तिथल्या ग्लॅडिएटरांवर उपचार करत असे. फाटलेले स्नायू आणि निखळलेले सांधे त्याने रोज हाताळले होते. लहान चेंडूच्या व्यायामावर त्याने एक छोटासा स्वतंत्र ग्रंथ लिहिला. त्याचे म्हणणे असे की जोराने धावणाऱ्यांच्या रक्तवाहिन्या फुटतात, घोडेस्वारीने मूत्रपिंडांच्या भागाला इजा होते, कुस्तीत माणसे लंगडी होतात; चेंडूच्या खेळात यातले काही होत नाही. शिकारीला पैसा आणि फुरसत लागते, चेंडू गरिबातल्या गरिबालाही परवडतो. हात, पाय, पाठ, डोळा आणि बुद्धी एकदम कामाला लागतात, आणि खेळ वाटेल तेवढा जोरकस किंवा सौम्य करता येतो. गेलनचा हा चेंडू जड नव्हता, हे लक्षात ठेवले पाहिजे. दणकट पहिलवानांच्या जमान्यात हा अनुभवी वैद्य हलक्या चेंडूची शिफारस करत होता. रोमन लोकांकडे चेंडूंचे बरेच प्रकार होते. हवा भरलेला मोठा फोलिस म्हाताऱ्यांना आणि मुलांना योग्य मानला जाई. पिसे गच्च भरलेला पागानिका त्याहून घट्ट असे.

ही परंपरा युरोपात मध्ययुगात मागे पडली आणि प्रबोधनकाळात ग्रंथांतून पुन्हा वर आली. इटालियन वैद्य जिरोलामो मर्कुरियाले याने ग्रीक-रोमन व्यायामांची माहिती गोळा करून १५६९ मध्ये व्हेनिस येथे ‘दे आर्ते जिम्नास्तिका’ हा ग्रंथ छापला. १५७३ च्या आवृत्तीत लाकडी ठशांची चित्रे घातली गेली. व्यायाम हा वैद्यकाचाच भाग आहे, हा गेलनचा मुद्दा मर्कुरियालेमुळे पुढच्या पिढ्यांच्या वैद्यांपर्यंत पोचला. प्रत्यक्ष व्यायामशाळा उभ्या राहायला मात्र एकोणिसावे शतक उजाडावे लागले.

त्या व्यायामशाळांत हात आणि खांद्यांसाठी जे पहिले साधन घरोघरी गेले, ते हिंदुस्थानातून गेले होते. आपल्या तालमीत फिरवायची मुद्गलांची जोडी ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्यांनी इथे पाहिली आणि हलकी करून मायदेशी नेली. डोनाल्ड वॉकर यांच्या १८३४ मधल्या व्यायामाच्या पुस्तकात तिला जागा मिळाली. अमेरिकेत सिम केहो यांनी १८६० च्या दशकात न्यूयॉर्कमध्ये तिचे उत्पादन सुरू केले आणि १८६६ मध्ये तिच्यावर पुस्तक काढले. १९०४ आणि १९३२ च्या ऑलिम्पिकमध्ये मुद्गल फिरवण्याच्या स्पर्धाही झाल्या. महाराष्ट्रातल्या तालमींतली जोडी ही पकड, मनगट आणि खांदा यांच्या व्यायामाची पूर्ण विकसित पद्धत होती. दत्तात्रय चिंतामण मुजुमदार यांनी बडोद्याहून दहा खंडांत काढलेल्या ‘व्यायामज्ञानकोशा’त देशी व्यायामांचा हा सारा पसारा नोंदलेला आहे. जोडीचे वजन हातात राहते आणि गोल फिरते. जड चेंडू हातातून सुटतो. खांदा सैल आणि बळकट करण्यात जोडी कुठेच कमी पडत नाही. पण फेकण्याचा झटका आणि झेलण्याचा धक्का या दोन गोष्टींसाठी सुटणारे वजनच लागते.

अमेरिकेतल्या व्यायामशाळांत ते आणण्याचे श्रेय प्रामुख्याने रॉबर्ट जे. रॉबर्ट्स यांना दिले जाते. बोस्टनच्या वायएमसीएच्या व्यायामशाळेचे ते प्रमुख होते. तरुणपणी त्यांनी स्वतः जड वजने उचलली होती आणि कसरतीही केल्या होत्या. पण व्यायामशाळेत येणारे कारकून आणि दुकानदार चार दिवसांत पाठ फिरवतात, हे त्यांच्या लक्षात आले. अवघड कसरती त्यांना जमत नव्हत्या आणि जड वजनांची भीती वाटत होती. म्हणून व्यायाम सुरक्षित, थोडक्यात आटोपणारा, सोपा, हितकर आणि आनंद देणारा असावा, अशी पाच लक्षणे रॉबर्ट्स यांनी ठरवली आणि त्यांत बसेल तेवढेच शिकवायला घेतले. मेडिसिन बॉल या पाचही लक्षणांत चपखल बसला. गोलात उभे राहून एकमेकांकडे चेंडू फेकायचा, एवढ्यासाठी कोणालाही काही शिकावे लागत नव्हते. १८८७ मध्ये रॉबर्ट्स यांनी ल्यूथर ग्युलिक यांच्यासह स्प्रिंगफील्डच्या वायएमसीए प्रशिक्षणशाळेत शारीरिक शिक्षणाचे वर्ग घेतले. याच शाळेत १८९१ मध्ये बास्केटबॉल जन्मला. तिथून बाहेर पडलेले शिक्षक जगभर गेले. त्यांच्यापैकी हॅरी क्रो बक यांनी १९२० मध्ये मद्रासला वायएमसीएचे शारीरिक शिक्षण महाविद्यालय सुरू केले. हिंदुस्थानातल्या शाळा-कॉलेजांच्या मैदानांवर पाश्चात्य पद्धतीचा व्यायाम रुजवण्यात या संस्थेचा वाटा मोठा आहे.

त्या काळचा चेंडू चामड्याच्या पाकळ्या शिवून केलेला असे. आत केस, चिंध्या किंवा सावरीचा कापूस ठासून भरलेला. तो आकाराने मोठा, उशीसारखा मऊ आणि न उसळणारा होता. पोटावर आदळला तरी दुखापत होत नसे. वापरून वापरून त्याची शिवण उसवे आणि भराव एका बाजूला जमे. मग तो फेकताना वाकडा जाई. वाळू भरलेले रबरी चेंडू आणि उसळणारे चेंडू पुष्कळ नंतरचे.

मुष्टियोद्ध्यांनी आणि कुस्तीगिरांनीही हे साधन उचलले. विल्यम मल्डून या नामांकित कुस्तीगिराने १८८९ मध्ये दारूने खंगलेल्या जॉन सुलिव्हन या मुष्टियोद्ध्याला न्यूयॉर्क राज्यातल्या बेलफास्ट गावी आपल्या शेतावर नेऊन तयार केले. त्या तयारीत मुद्गल आणि डंबेल रोजचे होते. ८ जुलै १८८९ रोजी मिसिसिपीतल्या रिचबर्गला सुलिव्हनने जेक किलरेनला ७५ फेऱ्यांत हरवले. पुढे मल्डूनने न्यूयॉर्कजवळ थकल्या-भागल्या श्रीमंतांसाठी आरोग्यगृह काढले. कादंबरीकार थिओडोर ड्रायझर तिथे राहिले होते, आणि १९१९ च्या ‘ट्वेल्व्ह मेन’ या पुस्तकात त्यांनी मल्डूनचे व्यक्तिचित्र नाव बदलून रेखाटले. वकील, व्यापारी, राजकारणी अशी माणसे तिथे हुकमाबरहुकूम जड चेंडू झेलत उभी राहत.

जड चेंडू आणि टेनिस यांची पहिली खरी गाठ पडली ती व्हाइट हाउसच्या हिरवळीवर. हर्बर्ट हूव्हर १९२८ मध्ये अध्यक्षपदी निवडून आले आणि दक्षिण अमेरिकेच्या दौऱ्यावर गेले. परतताना ‘युटा’ या युद्धनौकेवर त्यांनी खलाशांचा मेडिसिन बॉलचा खेळ पाहिला. हूव्हर यांचे वजन दोनशे पौंडांच्या वर गेले होते आणि त्यांना व्यायामाला वेळ नव्हता. त्यांचे डॉक्टर जोएल बून यांनी टेनिस, व्हॉलीबॉल आणि मेडिसिन बॉल यांचा मेळ घालून एक खेळ बसवला. मैदान ६६ फूट लांब आणि ३० फूट रुंद, जाळे ८ फूट उंच, चेंडू ६ पौंडांचा. गुण टेनिससारखेच: पंधरा, तीस, चाळीस. समोरून आलेला चेंडू जमिनीला लागण्याआधी झेलायचा आणि जिथे झेलला तिथूनच लगेच जाळ्यापलीकडे फेकायचा. चेंडू घेऊन धावायला मुभा नाही. रविवार सोडून रोज सकाळी सातला खेळ सुरू होई आणि अर्ध्या तासात संपे. पाऊस असो वा बर्फ, त्यात खंड पडत नसे. सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती हार्लन स्टोन, मंत्री, पत्रकार असे लोक जुने कपडे घालून येत. वृत्तपत्रांनी या मंडळींना मेडिसिन बॉल मंत्रिमंडळ असे नाव दिले, आणि १९३१ मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या साप्ताहिकात लिहिणाऱ्या विल्यम अ‍ॅथर्टन ड्यूपाय यांनी खेळाला हूव्हरबॉल म्हटले. हूव्हर यांचे स्वतःचे मत असे होते की या खेळाला टेनिसपेक्षा कसब कमी लागते आणि थोड्या वेळात व्यायाम जास्त होतो. आयोवातल्या वेस्ट ब्रँच या त्यांच्या जन्मगावी १९८८ पासून हा खेळ स्पर्धारूपाने खेळला जातो.

सहा पौंडांचा चेंडू आठ फुटी जाळ्यापलीकडे घालवायचा तर नुसत्या हाताने तो जात नाही. गुडघे वाकवावे लागतात, कंबर आणि पाठ वळवावी लागते, आणि हात सर्वांत शेवटी येतो. चांगल्या टेनिसपटूच्या फटक्यात हाच क्रम असतो. हूव्हर आणि त्यांचे मित्र हा धडा रोज गिरवत होते, पण त्या काळातल्या टेनिसपटूंना त्याचा उपयोग सुचला नाही. टेनिस हे कसबाचे काम, वजने उचलली की स्नायू आखडतात आणि स्पर्श बोथट होतो, असा समज खेळाडूंत आणि प्रशिक्षकांत पक्का होता.

टेनिसपटूच्या हाताची काळजी वैद्यांना मात्र आधीपासून होती. कोपराच्या बाहेरच्या बाजूच्या दुखण्याचे पहिले वर्णन जर्मन डॉक्टर रुंगे यांनी १८७३ मध्ये, लिहिण्याच्या श्रमांच्या संदर्भात केले. लॉन टेनिसची लाट आली आणि दहा वर्षांच्या आत, १८८२ मध्ये हेन्री मॉरिस यांनी ‘लॅन्सेट’मध्ये ते दुखणे टेनिसशी जोडले, पुढच्याच वर्षी टेनिस एल्बो हे नाव रूढ होऊ लागले. पकड धरताना मनगट सावरणारे स्नायू कोपराजवळ जिथे हाडाला चिकटतात, तिथे हे दुखणे उद्भवते. म्हणून खेळाडू हाताच्या ताकदीचा विचार करू लागले तो आधी मुठीपासून. रॅकेट त्या वेळी लाकडाची आणि जड होती. ती वाकू नये म्हणून तिच्यावर लाकडी चौकट आवळलेली असे, आणि कित्येक जण चौकटीसकट रॅकेट फिरवून हात गरम करत.

मुठीच्या व्यायामाचा सर्वांत गाजलेला दाखला रॉड लेव्हर यांचा. क्वीन्सलँडमधल्या रॉकहॅम्प्टनचा हा डावखुरा मुलगा अंगाने किरकोळ होता. प्रशिक्षक चार्ली हॉलिस यांच्या सांगण्यावरून तो सतत चेंडू मुठीत दाबत राही. मोठेपणी त्यांच्या डाव्या हाताचा कोपराखालचा घेर १२ इंच भरत असे आणि उजव्यापेक्षा तो उघडपणे जाड दिसे. मनगटाच्या झटक्याने चेंडूला वरचा फेर देण्याची त्यांची हातोटी या हातावर उभी होती. १९६२ आणि १९६९ अशी दोनदा त्यांनी एका वर्षात चारही मोठी विजेतेपदे जिंकली. खेळाने हाडसुद्धा बदलते, हे १९७७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने दाखवून दिले. व्यावसायिक टेनिसपटूंच्या खेळत्या हाताच्या दंडातल्या हाडाची भिंत दुसऱ्या हातापेक्षा पुरुषांत सुमारे ३५ टक्के आणि स्त्रियांत सुमारे २८ टक्के जाड आढळली.

वजनांविषयीचा समज मोडायला ऑस्ट्रेलियनांनीच सुरुवात केली. १९५२ चे विंबल्डन विजेते फ्रँक सेजमन यांनी मेलबर्नमध्ये स्टॅन निकोल्स यांच्या हाताखाली वजनांचा व्यायाम केला. पुढे मार्गारेट स्मिथ, म्हणजे नंतरच्या मार्गारेट कोर्ट, याही त्याच हाताखाली तयार झाल्या. त्यांच्या काळातल्या स्त्री खेळाडूंमध्ये इतकी ताकद दुसऱ्या कोणाकडे नव्हती. डेव्हिस कप संघाचे कर्णधार हॅरी हॉपमन खेळाडूंकडून कठोर मेहनत करून घेत. तरीही हे सारे उचलण्याचे आणि धावण्याचे व्यायाम होते. फेकण्याचा व्यायाम टेनिसमध्ये आला तो दुसऱ्याच वाटेने.

ती वाट सोव्हिएत रशियातून येते. युरी वेर्खोशान्स्की हे अ‍ॅथलेटिक्सचे प्रशिक्षक १९६० च्या दशकात उड्यांचा अभ्यास करत होते. स्नायू आधी झपकन ताणला गेला आणि क्षणाचाही विलंब न करता आकसला, तर तो एरवीपेक्षा जास्त जोर लावतो, या गोष्टीवर त्यांनी उंचावरून खाली येऊन लगेच उडी मारण्याची पद्धत उभी केली. अमेरिकी धावपटू आणि प्रशिक्षक फ्रेड विल्ट यांनी १९७५ मध्ये या व्यायामांना प्लायोमेट्रिक्स हे नाव दिले. पायांसाठी उडी होती. हात आणि कमरेसाठी तसे काय, याचे उत्तर व्यायामशाळेच्या कोपऱ्यात पडून असलेल्या मेडिसिन बॉलमध्ये मिळाले. झेललेला चेंडू स्नायू ताणतो, लगेच परत फेकला की ताणलेला स्नायू आकसतो. अँटिलसच्या पिशवीने हेच घडत होते. त्यामागचे कारण आता समजले.

याच सुमारास टेनिस बदलत होते. धातूच्या आणि मग ग्रॅफाइटच्या रॅकेटी आल्या, त्या हलक्या आणि मोठ्या तोंडाच्या होत्या. खेळाडू उघड्या पवित्र्यात उभे राहून, कंबर-खांदे वळवून चेंडूला प्रचंड फेर देऊ लागले. मार्टिना नवरातिलोव्हा आणि इव्हान लेंडल यांनी १९८० च्या दशकात कोर्टाबाहेरच्या व्यायामाला रोजच्या दिनक्रमात बसवले आणि बाकीच्यांना त्यांच्या मागे जावेच लागले. शास्त्रज्ञांच्या मोजमापांनी दिशा पक्की झाली. बेन किबलर यांच्या १९९० च्या दशकातल्या मांडणीनुसार सर्व्हिसमधली निम्म्याहून अधिक शक्ती पाय, कंबर आणि धडातून येते. २००० च्या सिडनी ऑलिम्पिकमधल्या खेळाडूंच्या चित्रणावरून असे दिसले की सर्व्हिस करताना पुरुष खेळाडूंचा दंड खांद्यात सेकंदाला सुमारे २,४०० अंशांच्या वेगाने आत फिरतो. एवढ्या वेगाने गेलेला हात थांबवण्याचे काम खांद्यामागच्या लहान स्नायूंना करावे लागते, आणि बहुतेक दुखण्यांचे मूळ तिथेच असते.

आजच्या सरावात यातून दोन वेगळी कामे निघाली आहेत. मोठा चेंडू धडासाठी. खेळाडू भिंतीपासून दोन-तीन पावलांवर फोरहँडच्या पवित्र्यात उभा राहतो. दोन्ही हातांतला चेंडू कमरेच्या उंचीवर मागे नेतो, वजन मागच्या पायावर घेतो, मग टाच उचलून आधी कंबर वळवतो आणि तिच्या मागोमाग खांदे; चेंडू सुटताना हात जवळजवळ स्वस्थ असतात. हातांनीच ढकलला तर चेंडू भिंतीवर आडवा-तिडवा आदळतो आणि चूक लगेच कळते. असे सहा ते दहा वेळा, मग बॅकहँडच्या बाजूने तितकेच, मग डोक्यावरून सर्व्हिससारखे. मध्ये पुरेशी विश्रांती, कारण थकलेल्या अंगाने हळू फेकण्यात काही हशील नाही. छोटा चेंडू खांद्यासाठी. कोपर खांद्याच्या रेषेत ठेवून तो उलटा मागे फेकायचा, किंवा मागून कोणी टाकलेला झेलून थांबवायचा. हात पुढे नेणाऱ्या स्नायूंना टेनिसमध्ये भरपूर काम मिळतेच, हा व्यायाम थांबवणाऱ्यांसाठी आहे. अमेरिकेच्या टेनिस संघटनेच्या तंदुरुस्ती चाचणीत फोरहँड, बॅकहँड आणि डोक्यावरून अशी मेडिसिन बॉलची फेक मोजतात. त्या चाचणीतला चेंडू ६ पौंडांचा, म्हणजे सुमारे २.७ किलोचा असतो.

वजनाच्या प्रश्नावर सर्वांत जास्त अभ्यास झाला तो टेनिसच्या बाहेर, बेसबॉलमध्ये. तिथला चेंडू ५ औंसांचा. हवाई विद्यापीठातल्या कूप डीरेन यांनी दाखवले की ४ आणि ६ औंसांच्या, म्हणजे वीस टक्क्यांनी हलक्या-जड चेंडूंनी सराव केल्यास फेकीचा वेग वाढतो. याहून फार जड चेंडू फेकू लागले की फेकण्याची ढबच बदलते. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी शालेय गोलंदाजांवरच्या अभ्यासात दोन ते बत्तीस औंसांचे चेंडू सहा आठवडे वापरले गेले. वेग ३.३ टक्क्यांनी वाढला, पण त्या गटातल्या जवळजवळ एक चतुर्थांश मुलांना दुखापती झाल्या. असे चेंडू न वापरणाऱ्या दुसऱ्या गटात एकालाही नाही. टेनिसच्या प्रशिक्षकांनी हा आकडा गांभीर्याने घ्यायला हवा. एका हाताने, पूर्ण वेगाने, डोक्यावरून जड चेंडू फेकणे हे वाढत्या वयाच्या खांद्यासाठी धोक्याचे आहे. दोन्ही हातांनी फेकलेल्या मोठ्या चेंडूत तो धोका बराच कमी होतो, कारण भार धडावर आणि पायांवर वाटला जातो.

म्हणून मुलांना आधी एक किलोचा चेंडू दोन्ही हातांनी फेकायला देतात. मोठ्यांसाठी बहुधा दोन ते चार किलो पुरतात. चेंडू भिंतीकडे जाताना मंदावला किंवा फेकणाऱ्याची पाठ मागे कलली, की वजन उतरवायचे असा साधा नियम पाळला जातो. पकडीसाठी मऊ चेंडू दाबण्याचा जुना व्यायाम अजून चालू आहे, मात्र त्याच्या जोडीला बोटांभोवती रबर अडकवून मूठ उघडण्याचाही व्यायाम देतात. टेनिस एल्बोचे दुखणे मूठ आवळणाऱ्या स्नायूंचे नसून मनगट मागे ओढणाऱ्या स्नायूंचे आहे, आणि नुसता चेंडू दाबून त्यांना बळ येत नाही.